लसूडियाच्या गोदामात स्प्रिंकलर किती: १५०, २०० की २४०?

प्रश्न असा आहे. इंदूरला देवास नाक्याच्या पुढे, लसूडिया मोरीत ३० बाय ६० मीटरचं पीईबी (कारखान्यात बनवून आणलेल्या लोखंडी फ्रेमचं) गोदाम उभं राहतंय. फ्रेम दर ७.५ मीटरला, कडेची उंची ८ मीटर, छपराचा उतार १० ला १, वर साधा पत्रा. माल घरगुती प्लास्टिकचा: डबे-बरण्या खोक्यांत, बादल्या आणि टब सुटे. रॅकवर ६.५ मीटरपर्यंत माल चढणार. ठेकेदार म्हणतो, एका हेडला १२ चौरस मीटर धरा, १५० हेड पुरे. विम्याचा सर्व्हेयर म्हणतो, गोदामाला ९ चौरस मीटरचा नियम आहे, २०० बसवा. ५० हेडांचा आणि त्यांच्या पाइपांचा फरक, तर मानायचं कोणाचं?

दोघांत सर्व्हेयर बरोबर दिशेला आहे. पण तुम्ही दिलेली मापं कागदावर मांडली की माझ्याकडे २४० हेड येतात. आणि नुसतं २४० म्हणून भागत नाही. तेच २४० हेड चुकीच्या जातीचे, अपुऱ्या दाबाचे असले तर तुमचं गोदाम १५० हेडांइतक्याच सहज जळेल. म्हणून अंतराचा हिशेब सांगण्याआधी मालाकडे यावं लागतं.

१२ चा आकडा खोटा नाही, तो दुसऱ्या इमारतीचा आहे. स्प्रिंकलरच्या भारतीय मानकात, आयएस १५१०५ मध्ये, एका हेडखालचं जास्तीत जास्त क्षेत्र हलक्या धोक्याला २१, मध्यम धोक्याला १२ आणि जास्त धोक्याला ९ चौरस मीटर धरतात. अमेरिकेच्या एनएफपीए १३ या मानकात हेच २२५, १३० आणि १०० चौरस फूट आहे. तुमच्या ठेकेदाराने आजवर शोरूम, मॉल, छोटे कारखाने केले असतील, तिथे १२ अगदी बरोबर. गोदाम मात्र मध्यम धोक्यात बसतं की नाही, हे 'गोदाम' या पाटीवर ठरत नाही. त्यात काय ठेवलंय आणि किती उंच रचलंय, यावर ठरतं. युरोपच्या ईएन १२८४५ या मानकात रचून ठेवलेल्या मालाचे, तो किती जोरात जळतो त्यानुसार, चढत्या क्रमाने चार वर्ग केले आहेत. मध्यम धोक्याची व्यवस्था पहिल्या वर्गाच्या मोकळ्या थप्पीला ४ मीटरपर्यंत चालते, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला २.१ आणि चौथ्याला फक्त १.२ मीटरपर्यंत. एनएफपीए १३ मध्ये पॉलिएथिलीन, पॉलिप्रॉपिलीन, पॉलिस्टायरीन ही सगळी मंडळी 'अ' गटाच्या प्लास्टिकात येतात. खोक्यात भरलेलं हे प्लास्टिक ५ फुटांच्या वर गेलं की मध्यम धोक्याची सवलत संपते. ५ फूट म्हणजे माणसाच्या हनुवटीएवढी थप्पी. तुमचा माल ६.५ मीटर चढणार आहे.

सियागंजातल्या किराण्याच्या जुन्या वखारीत पोती छातीएवढी रचलेली असतात, तिथे १२ चा हिशेब चालून जातो. तोच हिशेब उचलून लसूडियाच्या रॅकवाल्या शेडमध्ये आणतात, ही आपल्याकडची खरी अडचण आहे. पूर्वी गोदामं बुटकी होती. आता फोर्कलिफ्ट आली, रॅक आले, माल दुप्पट-तिप्पट उंच गेला, आणि कोटेशनमधला आकडा तोच राहिला.

उंचीने एवढा फरक का पडतो, हे समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आग रॅकच्या तळाशी लागते. दोन पॅलेटांमधल्या उभ्या फटीतून ज्वाळा धुराड्यातून चढावी तशी वर जाते आणि प्रत्येक मजल्यावरचा माल पेटवत जाते. गरम हवेचा हा झोत छपराकडे जोराने उसळत असतो. वरून पडणाऱ्या पाण्याला त्या झोताला चिरत खाली यायचंय. बारीक थेंब असतील तर निम्म्या वाटेतच वाफ होतात किंवा झोताबरोबर बाजूला फेकले जातात. फॅक्टरी म्युच्युअल या अमेरिकन विमा संस्थेच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात नेमकं हेच मोजलं: आग दबायला मालावर किती पाणी पडलं पाहिजे, आणि वर हेडमधून सुटलेल्यापैकी प्रत्यक्षात तिथे किती पोहोचतं. पोहोचणारं पाणी लागणाऱ्या पाण्यापेक्षा कमी पडलं की आग वाढते, झोत आणखी जोरकस होतो आणि त्यानंतर पोहोचणारं पाणी आणखी घटतं. एकदा हे चक्र सुरू झालं की मागून कितीही हेड उघडले तरी उपयोग नसतो. उलट जितके हेड उघडतील तितका पंपाचा दाब पडत जातो.

यातूनच ईएसएफआर जातीचे हेड आले. लवकर उघडणारे, मोठ्या तोंडाचे, मोठा थेंब टाकणारे. साधा के-८० हेड (के म्हणजे के-फॅक्टर: ठरावीक दाबाला हेड किती पाणी सोडतो त्याचा आकडा) मध्यम धोक्याच्या हिशेबात दर चौरस मीटरला मिनिटाला ५ लिटर पाणी देतो, म्हणजे १२ चौरस मीटरवर ६० लिटर. के-२०० चा ईएसएफआर ४.१ बारवर मिनिटाला साधारण ४०५ लिटर सोडतो. ईएसएफआरची मांडणी दर चौरस मीटरच्या पाण्यावर करत नाहीत, किती हेड आणि किती दाब यावर करतात. तरी तुलनेसाठी ४०५ ला माझ्या मांडणीतल्या ७.५ चौरस मीटरने भागा: ५४ लिटर. कुठे ५, कुठे ५४. ठेकेदाराचा आणि माझा मतभेद हेडांच्या संख्येचा वाटतो, पण खरा फरक हा दहापटीचा आहे.

आता तुमच्या गोदामाची उंची. तुम्ही ८ मीटर लिहिलीत, ती कडेची. १५ मीटर आत जाईपर्यंत १० ला १ या उताराने छप्पर दीड मीटर चढतं, म्हणजे मधल्या आढ्याशी उंची ९.५ मीटर आहे. ईएसएफआरच्या तक्त्यात ९.१ मीटर, म्हणजे ३० फूट, ही मोठी रेघ आहे. तिच्या आत दोन हेडांमधलं अंतर ३.७ मीटरपर्यंत चालतं. तिच्या वर ते १० फुटांवर, म्हणजे ३.०५ मीटरवर येतं. हेडखालचं क्षेत्र दोन्हीकडे ९.३ चौरस मीटरच्या आतच हवं. दाबही बदलतो. खोक्यातल्या प्लास्टिकला के-२०० हेड ३० फुटी छपराखाली ३.४ बारवर चालतो, ३२ फुटांपर्यंत ४.१ बार लागतात, ३५ फुटांना ५.२ बार. तुमचं छप्पर ३१ फुटांच्या थोडं वर, म्हणून ४.१. गोदाम अजून कागदावर असतं तर मी तुम्हाला कड अर्धा मीटर उतरवायला सांगितलं असतं. रॅकला काही फरक पडला नसता आणि तुम्ही ३० फुटांच्या रेघेखाली आला असता. पुढचं शेड बांधाल तेव्हा आराखडा पक्का करण्याआधी एवढं बघा.

क्षेत्र भागिले ९ असा हिशेब सर्व्हेयरने केला आहे, तोही नियमात बसत नाही. हेडखालचं क्षेत्र म्हणजे एका पाइपच्या लाइनीवरच्या दोन हेडांमधलं अंतर गुणिले दोन लाइनींमधलं अंतर. भिंतीजवळच्या हेडला भिंतीपर्यंतच्या अंतराची दुप्पट धरायची, आणि दोन्हींत जे मोठं ते घ्यायचं. शिवाय हेड हवेत लटकत नाहीत, फ्रेमच्या मधे बसतात. तुमच्या फ्रेम ७.५ मीटरवर. दोन फ्रेममधल्या एका गाळ्यात दोन लाइनी घेतल्या तर अंतर ३.७५ येतं, ते ३.७ च्या आतही बसत नाही, मग ३.०५ ची गोष्टच सोडा. (साध्या स्प्रे हेडला २५ फुटी गाळ्यांसाठी एनएफपीए साडेबारा फुटांची सूट देतं. ती ईएसएफआरला लावू नका, ठेकेदार तिचा दाखला देऊ शकतो.) म्हणून गाळ्यात तीन लाइनी, २.५ मीटरवर. आठ गाळे, २४ लाइनी. प्रत्येक लाइन ३० मीटर रुंदीभर जाते. ३.० मीटरवर हेड घेतले की १० बसतात, आढ्याच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच, भिंतीपासून पहिला हेड दीड मीटरवर. उतारामुळे लाइन किंचित लांब भरते, अंतर ३.०२ च्या आसपास येतं, तरी मर्यादेत. २४ गुणिले १० म्हणजे २४०. हेडखालचं क्षेत्र साडेसात चौरस मीटर.

याहून दाट करायचा मोह कोणाला होत नाही, पण नियम खालूनही बांधलेला आहे. ईएसएफआरमध्ये दोन हेड २.४ मीटरपेक्षा जवळ नकोत, साध्या हेडमध्ये १.८ मीटरपेक्षा. पहिला उघडला की त्याचं पाणी शेजारच्यावर उडतं, तो थंड राहतो आणि उघडायच्या वेळी उघडत नाही.

तीन लाइनींचा आणखी एक फायदा आहे, आणि मला तो संख्येपेक्षा महत्त्वाचा वाटतो. पीईबीच्या राफ्टरची (फ्रेमच्या छपराखालच्या तिरक्या तुळईची) खोली सहज ६०० मिलिमीटर असते, त्यावर २०० ची पर्लिन (पत्रा पेलणारी आडवी पट्टी), म्हणजे राफ्टरचा तळ पत्र्यापासून ८०० मिलिमीटर खाली. के-२०० हेडचा डिफ्लेक्टर (पाणी पसरवणारी तबकडी) छपराखाली १५० ते ३५० मिलिमीटरमध्ये ठेवावा लागतो, कारण त्याहून खाली गेला तर त्याला आगीची ऊब उशिरा कळते. म्हणजे हेड राफ्टरच्या पोटापेक्षा वर राहणार आणि राफ्टर त्याच्या फवाऱ्याला आडवा येणार. पाणी राफ्टरवर आपटलं की पलीकडे कोरडी पट्टी राहते. यावर तोड अशी, की राफ्टरच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर हेड ठेवायचे, प्रत्येकाने आपली बाजू भिजवायची. तीन लाइनींच्या मांडणीत राफ्टरपासून दोन्हीकडे १.२५ मीटरवर लाइन येते, म्हणजे परवानगीच्या अर्ध्या अंतरात. हे आपोआप जमून येतं. नकाशावर ठिपके सुंदर जाळीत मांडून नंतर फ्रेम आल्या की हेड सरकवत बसणारे डिझायनर मी फार पाहिलेत. आधी राफ्टर काढा, मग ठिपके.

केबल ट्रे, लाइटच्या पट्ट्या, पंख्याचे डक्ट यांचंही तेच. हेडपासून आडवं ३०० मिलिमीटरच्या आत एखादी आडोशाची वस्तू असेल तर डिफ्लेक्टर तिच्या तळापेक्षा वर नको. विजेचा ठेकेदार वेगळा असतो आणि तो स्प्रिंकलरनंतर येतो, म्हणून हे त्याच्या कामाच्या कागदातच लिहून घ्या.

तुमच्या छपरावर टर्बो व्हेंटिलेटर असतील तर त्यांच्या थेट खाली हेड येऊ देऊ नका. ऊब तिथून सरळ बाहेर जाते. आणि साध्या पत्र्याखाली इंदूरच्या मेमध्ये काय तापतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. उन्हात तापणाऱ्या उघड्या पत्र्याखाली साधारण तापमानाचा हेड चालत नाही, मधल्या तापमानाचा लागतो: ईएसएफआरमध्ये ७४ अंशांचा नव्हे, १०१ अंशांचा. (साध्या काचेच्या हेडमध्ये तांबडा ६८ चा, पिवळा ७९ चा, हिरवा ९३ चा.) पत्र्याखाली इन्सुलेशन घालणार असाल तर ते आधी ठरवा, हेडची ऑर्डर नंतर.

उताराची काळजी नाही. ईएसएफआरला १२ ला २ पर्यंत, म्हणजे १६.७ टक्के उतार चालतो, तुमचा १० टक्के. डिफ्लेक्टर छपराला समांतर ठेवा.

आता रॅक. हे तुमच्या हातात आहे, ठेकेदाराच्या नाही, आणि माझ्या मते अर्धं संरक्षण इथेच मिळतं किंवा इथेच जातं. वर ज्या उभ्या फटीतून आग चढते म्हटलं, त्याच फटीतून पाणी खाली जातं. शेजारच्या दोन पॅलेटांमधे किमान ७५ मिलिमीटर मोकळं हवं, आणि ते वरपासून खालपर्यंत एका सरळ रेषेत. २.७ मीटरच्या बीमवर १२०० चे दोन पॅलेट बसवले की ३०० मिलिमीटर उरतात, तीन फटींना शंभर-शंभर. कागदावर छान आहे. पण खोकी पॅलेटबाहेर चार बोटं आली की फट संपली. पाठीला पाठ लावलेल्या रॅकमधे १५० मिलिमीटरचा स्पेसर टाकून घ्या, म्हणजे पलीकडून ढकललेला पॅलेट इकडची फट बुजवणार नाही.

रॅकवर प्लायवूडच्या पाट्या टाकू नका. छोटी खोकी नीट राहतात म्हणून टाकतात, पण १.८६ चौरस मीटरपेक्षा मोठी सलग फळी झाली की वरचं पाणी खालच्या मजल्याला मिळतच नाही. मग छपरातले ईएसएफआर कामाचे नाहीत, रॅकच्या आत मजल्या-मजल्याला हेड घालावे लागतात. तारेची जाळी वापरा.

तुमच्या बादल्या आणि टब ही या गोदामातली सगळ्यात अवघड वस्तू आहे, आणि तुमच्या दोन्ही सल्लागारांनी त्यांचा उल्लेखही केलेला नाही. रॅकवर तोंड वर करून ठेवलेली बादली पाण्याने भरते. मजल्यावरच्या सगळ्या बादल्या भरेपर्यंत खालच्या आगीला पाणी मिळत नाही, आणि वरून पाण्याचं वजन रॅकवर चढत राहतं. उघड्या तोंडाची जळाऊ भांडी रॅकवर असतील तर नुसत्या छपरातल्या ईएसएफआरवर भागत नाही, हे एनएफपीए १३ मध्ये स्पष्ट आहे. शिवाय खोक्याबाहेरचं प्लास्टिक खोक्यातल्यापेक्षा जोरात जळतं आणि त्याच्या ओळी तक्त्यात वेगळ्या आहेत. माझा सल्ला: बादल्या-टब एकात एक घालून, तोंड खाली करून, बंद खोक्यात भरा. ते परवडत नसेल तर रॅकवर चढवूच नका. वेगळा गाळा द्या, जमिनीवर बुटकी थप्पी करा आणि त्या गाळ्याचा हिशेब स्वतंत्र करून घ्या.

मालाची जात बदलली की सगळंच बदलतं. २१ जून १९८२ ला पेनसिल्व्हेनियातल्या फॉल्स टाउनशिपमध्ये के-मार्ट या दुकानसाखळीचं प्रचंड वितरण केंद्र जळून गेलं. स्प्रिंकलर होते, आगीच्या भिंतींनी भाग पाडलेले होते. आग एरोसोलच्या डब्यांना लागली आणि फुटणारे डबे जळत जळत पलीकडच्या भागांत जाऊन पडले. तुम्ही उद्या घरगुती मालाच्या जोडीला रूम फ्रेशनर किंवा डासांचे स्प्रे ठेवायला लागलात तर वर लिहिलेलं काहीही लागू राहत नाही. थर्माकोलचंही तसंच, फुगवलेल्या प्लास्टिकाचा वर्ग निराळा आहे.

हेडच्या डिफ्लेक्टरपासून मालाच्या माथ्यापर्यंत ईएसएफआरमध्ये ९०० मिलिमीटर मोकळे हवेत, साध्या हेडमध्ये ४५०. तुमच्या कडेच्या हेडखाली आज सव्वा मीटर मिळतात, ठीक आहे. पण दिवाळीआधी माल दाटतो तेव्हा हमाल वरच्या मजल्यावर आणखी दोन खोकी चढवतातच. ६.५ मीटरवर रॅकच्या खांबांना जाड पिवळा पट्टा मारा आणि गोदाम सांभाळणाऱ्याला त्याचा अर्थ सांगा. रिकामे पॅलेट शेडबाहेर, भिंतीपासून दूर. १.८ मीटरहून उंच रचलेले रिकामे पॅलेट हा स्वतःच एक जबरदस्त धोका आहे, मग ते लाकडी असोत की प्लास्टिकचे.

पाण्याचा हिशेब करा. ईएसएफआरची मांडणी १२ हेड उघडतील असं धरून करतात, तीन लाइनींवर चार-चार. १२ गुणिले ४०५ म्हणजे मिनिटाला ४,८६० लिटर, त्यात बंबाच्या होजचे साधारण ९५० मिळवा. ५,८१० लिटर, ६० मिनिटं: साडेतीन लाख लिटर. टाकीचा तळ १० बाय १० मीटर असेल तर साडेतीन मीटर पाणी. के-३६० हेड घेतलात तर दाब कमी लागतो, पण एका हेडचं पाणी वाढतं, म्हणजे पंप हलका आणि टाकी मोठी. दोन्ही पर्यायांची हायड्रॉलिक कॅल्क्युलेशन मागवा आणि जागा बघून ठरवा. टाकी नर्मदेच्या लाइनीवर भरायचा विचार असेल तर तो फक्त पहिल्यांदा भरण्यापुरता ठेवा. आग लागल्यावर बाहेरून काही मिळेल असं धरून टाकी लहान करू नका. वीज गेली तरी चालणारा डिझेल पंप हवाच, आणि विजेच्या पंपाचा फीडर गोदामाच्या मेन स्विचच्या आधीच वेगळा काढा. बंबवाले येऊन पहिलं काम मेन पाडायचं करतात.

एनओसीसाठी राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ चा भाग ४ बघतात, त्यात गोदामं 'एच' गटात येतात. त्या कागदांत आयएस १५१०५ चा दाखला द्या आणि हेडची मांडणी एनएफपीए १३ च्या कोणत्या आवृत्तीच्या कोणत्या तक्त्यावरून घेतली ते नकाशावरच लिहायला लावा. आवृत्तीगणिक काही आकडे सरकतात. ईएसएफआरचं किमान क्षेत्र जुन्या आवृत्त्यांत ७.४ चौरस मीटर होतं, आता ६ आहे. तुमचे साडेसात दोन्हींत बसतात. विमा कंपनीकडून ही मांडणी पाइप विकत घेण्याआधी लेखी मंजूर करून घ्या, नंतर नाही. काम झाल्यावर सगळ्या पाइपांची १३.८ बारवर दोन तास चाचणी तुमच्या माणसासमोर व्हावी.

ठेकेदाराला आज एवढंच विचारा: हेडचा के-फॅक्टर किती, सगळ्यात लांबच्या १२ हेडांवर दाब किती मिळतो, आणि तो कुठल्या मालासाठी, किती उंचीसाठी धरला आहे. या तिन्हींचं उत्तर त्याच्याकडे लेखी असेल तर त्याच्याशी बोलणी पुढे न्या, १५० चे २४० तो स्वतःच करेल. नसेल तर हे काम त्याचं नाही, त्याला हायड्रंट आणि बाकीची पाइपलाइन द्या. टाकी आणि पंपाची खोली कुठे येणार हे मात्र या आठवड्यातच ठरवा, कारण तुमच्या फ्लोअरिंगचं काँक्रीट पडलं की जमिनीखालची मेन लाइन घ्यायला ते पुन्हा फोडावं लागेल.